दुपारी चार वाजता मामा कुठं होते

रविवारी दुपारी तीनला बहिणीच्या घरून बोलावणं आलं तेव्हाच मामांना शंका आली होती. आत पाऊल टाकल्यावर खात्री पटली. चार खुर्च्या भिंतीला लावून ओळीनं मांडलेल्या आणि पाचवी त्यांच्यासमोर, एकटी, खिडकीच्या उजेडात. पोलीस ठाण्यासमोर तीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलेल्या माणसाला अशी एकटी खुर्ची कोणासाठी असते हे सांगावं लागत नाही.

"बसा मेहुणे," हवालदार म्हणाले.

हवालदार म्हणजे मामांच्या बहिणीचे यजमान. निवृत्त होऊन तेरा महिने झाले होते, पण घरातला हुद्दा तसाच होता. बायकोसुद्धा "हवालदार, दूध बघा" असंच म्हणे. नोकरीभर त्यांनी ठाण्यात बसून लिहिण्याचं काम केलं. जबाब, पंचनामे, अहवाल, सगळं त्यांच्याच हातचं. अक्षर असं की आरोपीसुद्धा स्वतःचा कबुलीजबाब कौतुकानं बघत राहायचे. लिहिता लिहिता ती भाषा त्यांच्या तोंडात बसली होती. "सदर भाजीत मीठ कमी असल्याचे आढळून आले," असं ते जेवताना म्हणत, आणि ताई म्हणे, "मग जप्त करा."

ओळीतल्या दुसऱ्या खुर्चीवर थोरला भाचा होता. तो दुसऱ्या ठाण्यात इन्स्पेक्टर होता आणि महिनाअखेरीस बढतीची यादी लागणार असल्यामुळं गेले काही दिवस सगळ्यांशी गोड बोलत होता. तिसरीवर ताई, मांडीवर निवडायच्या शेंगांची परात. चौथीवर धाकटी, म्हणजे ताईची लेक. ती फौजदार होऊन वडिलांच्याच जुन्या ठाण्यात लागली, याचा घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. तो आनंद पुरतं एक वर्ष टिकला.

धाकटीनं तिच्याच ठाण्याच्या मोठ्या साहेबांविरुद्ध तक्रार केली होती. उद्या अकरा वाजता चौकशी होती.

"मामा, तुम्ही तक्रार वाचलीत का?" थोरल्यानं विचारलं.

"मी काहीच वाचत नाही रे," मामा म्हणाले. "म्हणून तर सगळं नीट चाललंय."

यात खोटं काही नव्हतं. पोलिसांनी एखादी वस्तू जप्त केली की ती खरोखर तिथं सापडली हे डोळ्यांनी पाहणारी दोन त्रयस्थ माणसं लागतात, त्यांना पंच म्हणतात. त्रयस्थ शोधायला वेळ जातो, आणि मामांचं दुकान रस्ता ओलांडला की होतं. ठाण्याचे सगळे गणवेश मामांकडे शिवायला यायचे आणि त्यांच्या मागोमाग कागद यायचे. सही हा त्या कामाचाच भाग, काजाबटणासारखा. कागदोपत्री मामांनी विहिरीतून पिस्तूल निघताना पाहिलं होतं, गच्चीवरच्या टाकीत दागिने पाहिले होते, एकदा तर भर पुरात नदीच्या मधोमध चोरीची मोटारसायकल पाहिली होती. प्रत्यक्षात गुडघ्यांमुळं त्यांना दुकानाची पायरी उतरणंही जिवावर यायचं. दुसरे पंच शेजारचे इस्त्रीवाले होते. ते गेल्या वर्षी वारले. त्यानंतर दोन पंचनाम्यांना मात्र ते हजर होते.

"थोडक्यात सांगतो," थोरला म्हणाला. "ही म्हणते, त्या लिफ्टवाल्याच्या खोलीत सुरा सापडलाच नव्हता. साहेबांनी ठेवायला लावला."

"कुठला लिफ्टवाला?" मामा म्हणाले. कुठला ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"लिफ्ट दुरुस्त करणारा," धाकटी म्हणाली. "एका बिल्डरच्या नव्या इमारतीतली लिफ्ट धोक्याची आहे म्हणून यानं तिला कुलूप घातलं आणि वर पाटी लावली. बिल्डर साहेबांना भेटायला आला. तिसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याच्या खोलीत सुरा सापडला, आणि कोणाच्या तरी खुनाचा प्रयत्न त्याच्या नावावर लागला. चौदा महिने आत आहे तो."

त्याच आठवड्यात साहेबांच्या खोलीत नवा एसी बसला होता. तो कोणी दिला हे ठाण्यात कोणी विचारलं नाही, कारण उकाडा फार होता.

"पण तुला कळलं कसं?" मामांनी विचारलं.

धाकटीनं वडिलांकडं पाहिलं. हवालदार छताकडं पाहत होते.

"बाबांच्यामुळं," ती म्हणाली. "मी जुन्या फायली लावत होते. नऊ वेगवेगळे गुन्हे, सहा वर्षांतले. प्रत्येकात एक सुरा जप्त. आणि नऊही ठिकाणी वर्णन एकच. टोक मोडलेलं, मुठीला निळी चिकटपट्टी, पात्यावर मुठीपासून दोन बोटांवर चंद्रकोरीसारखा ओरखडा."

"होताच तसा," हवालदार छताला उद्देशून म्हणाले.

"दुसरं कोणी असतं तर 'एक धारदार शस्त्र' लिहून मोकळं झालं असतं," थोरला कळवळून म्हणाला. "बाबा, तुम्हाला ओरखडा लिहायची काय गरज होती?"

"समोर ठेवलेली वस्तू जशी आहे तशी लिहायची," हवालदार म्हणाले. "कुठून आणली ते माझ्याकडं नव्हतं. कशी आहे ते माझ्याकडं होतं."

ताईनं एक शेंग मोडली.

मग थोरल्यानं बहिणीला समजवायला घेतलं. आधी प्रेमानं. तुझं वय काय, नोकरी काय, अजून लग्न व्हायचंय. मग जगाची रीत. सगळीकडं असंच असतं, तू काय एकटी साफसफाई करणार. शेवटी मूळ मुद्दा आला. "माझ्या बढतीच्या यादीवर ज्यांची सही लागते ते कोण आहेत माहितेय तुला? तुझ्या साहेबांचे साडू."

"मग त्यांनाही कळव," धाकटी म्हणाली. "आपल्या घरात प्रामाणिक माणसं आहेत म्हणून."

"तक्रार मागे घे."

"नाही घेणार."

"बरं," हवालदार म्हणाले आणि छतावरून खाली आले. "मग ती पडणार कशी ते बघ. पंचनामा खरा की खोटा, हे ठरणार पंचांच्या तोंडून. एक पंच मयत. दुसरे हे. उद्या चौकशी अधिकारी यांना विचारतील, त्या वेळी तुम्ही हजर होता का? हे म्हणतील, होतो. झालं. वर खोटी तक्रार केली म्हणून तुझ्यावर कारवाई. नोकरी जाईल. बापाच्या डोळ्यांसमोर जाईल, म्हणून हा खटाटोप." मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आपण घरच्या घरी एकदा घेऊन बघू. मेहुणे, मी चौकशी अधिकारी. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू," मामा म्हणाले आणि त्यांनी घाम पुसला.

"अकरा तारखेला दुपारी चार वाजता आपण कुठं होता?"

"लिफ्टवाल्याच्या खोलीवर."

"खोली कशी होती?"

"चौकोनी."

"कितव्या मजल्यावर?" थोरल्यानं मध्येच विचारलं.

मामांनी अंदाज घेतला. लिफ्टवाला म्हणजे वरच राहत असणार. "चौथ्या."

"तळमजला," हवालदार म्हणाले. "मी स्वच्छ लिहिलंय. तळमजला, पूर्वेला दार, दाराला हिरवा रंग, उजव्या फळीचा खालचा कोपरा कुजलेला."

"तुम्ही बघायला गेला होता?" ताईनं विचारलं.

"मी कशाला जाऊ? ज्या शिपायानं सुरा नेऊन ठेवला त्याला विचारून लिहिलं." वाक्य संपल्यावर हवालदार थोडे थांबले, पण चौकशी अधिकाऱ्याला मागं फिरता येत नाही. "सुरा कुठं मिळाला?"

"विहिरीत," मामा म्हणाले.

"ती पाचवी केस, मामा," थोरला दातओठ खात म्हणाला. "ही नववी. हत्यारांच्या पेटीत. पेटीच्या तळाशी. पाना उचलला, खाली सुरा."

"पाना कसला?"

"मामा, तुम्हाला पाना माहीत नाही?"

"मला कात्री माहीत आहे," मामा म्हणाले. आता त्यांना थोडा रागही येत होता. आयुष्यात त्यांनी शेकडो वेळा साक्षीदार म्हणून सही केली होती, पण इतकं अज्ञान त्यांच्या पदरात कोणी टाकलं नव्हतं.

तासाभरात मामा बऱ्यापैकी तयार झाले. तळमजला, हिरवं दार, कुजलेला कोपरा, पेटी, पाना, सुरा. सलग तीन वेळा त्यांनी न चुकता म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळी तर त्यांना ते हिरवं दार दिसायलाच लागलं. दार ढकलताना करकरलंसुद्धा. हवालदारांनी मान डोलावली. थोरल्याच्या चेहऱ्यावर बढती परत आली.

"मी एक विचारू का?" धाकटी म्हणाली.

"विचार. तक्रारदाराला हक्क आहे," हवालदार उदारपणे म्हणाले.

धाकटी उठली. मामांच्या समोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात आडवे पसरले.

"मामा, माझं माप सांगा."

मामांना विचार करायला कोणी शिकवलं नव्हतं, पण माप कोणी विचारलं की त्यांचं तोंड आपोआप उघडायचं. "खांदा साडेचौदा. बाही बावीस. उजवा खांदा अर्धा इंच खाली, शाळेत दप्तर एकाच खांद्याला लावायचीस. कंबर सत्तावीस, पण तुझ्या आईनं अठ्ठावीस ठेवायला लावली, म्हणाली फौजदार झाली की बसून बसून सुटेल."

"म्हणाले होते मी," ताई म्हणाली.

"हा माझा पहिला गणवेश. माप कधी घेतलंत?"

मामांचं तोंड उघडंच राहिलं. पण आता त्यातून काही येईना.

"दुसऱ्या दिवशी बारा तारखेला मला हजर व्हायचं होतं," धाकटी हात खाली न घेता म्हणाली. "आदल्या दुपारी आम्ही तुमच्याकडं आलो. साडेतीनला आलो, सहाला निघालो. तेवढा वेळ तुम्ही दुकानातून हललासुद्धा नाहीत. रात्रीत शिवून द्यायचं होतं तुम्हाला. फाईल उघडली, तारीख आणि वेळ बघितली, आणि मला हिरवं दार नाही दिसलं मामा, टेप गळ्यात टाकलेले तुम्ही दिसलात."

"तू तक्रारदार," थोरला घाईनं म्हणाला. "तुझ्या एकटीच्या शब्दाला..."

"एकटीच्या का?" ताईनं परात खाली ठेवली. "मी होते की. स्टुलावर बसले होते. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, अडीच तास डुलत होते. चार वाजलेले घड्याळात पाहिले, कारण हवालदारांचा चहा राहणार होता."

हवालदारांनी बायकोकडं असं पाहिलं की जणू घरातल्या कपाटानंच जबाब दिला. पस्तीस वर्षांत ताईनं त्यांच्या नोकरीबद्दल एकच गोष्ट विचारली होती: जेवायला येणार की नाही.

"तू हे आधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही खुर्च्या मांडायला सांगितल्या, मी मांडल्या. मला काय विचारलंत? उद्या मलाही बोलवा म्हणावं. मी सांगेन."

थोरला उठून खिडकीपाशी गेला. मामा मात्र खुर्चीतच बसून राहिले. त्यांचा गुडघा दुखायला लागला होता, आणि तो नेमका मनाचं ऐकून दुखायचा.

"खरं सांगितलं तर मला आत टाकतील का?" त्यांनी धाकटीला विचारलं.

तिला खोटं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर मामांनी मनापासून विश्वास ठेवला असता. "टाकू शकतात," ती म्हणाली. "खोट्या पंचनाम्यावर सही केल्याचा गुन्हा होऊ शकतो. तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर बराच कमी. पण काहीच होणार नाही असं नाही. आणि ठाण्याचे गणवेश तर गेलेच."

"एवढं स्पष्ट बोलायची गरज होती का," मामा पुटपुटले. मग त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं. "तो मला भेटला होता."

"कोण?"

"लिफ्टवाला. कोर्टात. मागच्या तारखेला मला बोलावलं होतं, नंतर सांगितलं आज नाही. बाहेर बाकावर बसलो होतो. त्याला दोन शिपाई घेऊन आले आणि शेजारीच बसवलं. त्याला कळलं मी पंच आहे. मला वाटलं, शिव्या देईल. शिव्यांची मला सवय आहे, वेळेवर पँट दिली नाही की लोक देतातच." मामांनी गुडघा चोळला. "तो म्हणाला, काका, तुम्ही होता ना तिथं? मग मला सांगा, कोणी ठेवला तो सुरा? मी तेव्हा कामावर होतो, मला दिसलं नाही. तुम्ही पाहिलं असेल."

"त्याला खरंच वाटत होतं की मी तिथं होतो," मामा म्हणाले. "सही आहे म्हटल्यावर माणूस असणारच, असं त्याला वाटत होतं. सगळ्या ठाण्यात कोणाला नाही वाटलं ते. लिही बाई. माझा जबाब लिही. मी दुकानात होतो."

थोरला खिडकीपासून वळला आणि दाराशी जाऊन बूट घालायला लागला. "मी आज इथं आलोच नव्हतो," तो म्हणाला. "कोणी विचारलं तर लक्षात ठेवा."

"तशी सही देऊ का?" मामांनी विचारलं. ते मनापासून विचारत होते, सवय होती.

थोरल्यानं एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून उभा राहिला. बढतीच्या यादीकडं शेवटचं पाहावं तसं त्यानं दाराबाहेर पाहिलं. मग धाकटीकडं न बघता म्हणाला, "सुरुवातीला 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' हे घाल. नाहीतर त्यांचा वकील म्हणेल, भाचीनं मामाला धमकावलं." आणि दुसरा बूट तसाच हातात घेऊन तो जिना उतरून गेला.

धाकटी टेबलाशी बसली. मामा सांगत गेले, ती लिहीत गेली. हवालदार पाठ फिरवून बसले होते. पण कागदावर पेन चालण्याचा आवाज त्यांच्या कानात शिरत होता, आणि ज्याच्यासमोर तीस वर्षं हाच आवाज चालला त्याला पाठ फिरवून बसणं अवघड असतं. पाचव्या मिनिटाला ते उठले. सहाव्या मिनिटाला धाकटीच्या खांद्यामागं उभे होते.

"हे काय आहे?" त्यांनी वाचलं. "'मी त्या वेळी तिथे नव्हतो व मला या गोष्टीचे फार वाईट वाटते.' जबाब आहे की सांत्वनाचं पत्र?"

"बाबा, तुम्ही यात पडू नका."

"तारीख कुठाय? दुकानाचा पत्ता? कोणत्या दिशेला तोंड? टेलर हा काय करत होता, कोणासमक्ष करत होता? असा जबाब घेऊन गेलीस तर दहा मिनिटांत हवेत उडवतील. ऊठ."

"तुम्ही तर विरोधात आहात."

"विरोधात आहेच," हवालदार म्हणाले. "पण गचाळ लिहिलेलं मला बघवत नाही. ऊठ तिथून."

धाकटी उठली. हवालदार बसले. नवा कागद घेतला, समास दुमडला, चष्मा पुसला. मग जे लिहायला लागले ते असं की खोलीत त्यांच्याशिवाय कोणी आहे हे ते विसरले. दुकान, रस्त्याच्या कोणत्या बाजूला. आत किती मशिनं. घड्याळ कुठल्या भिंतीला. आडवे पसरलेले हात. उजवा खांदा अर्धा इंच खाली. डुलणारं स्टूल, आणि त्याचा कोणता पाय आखूड. मामा सांगत होते आणि एकेक गोष्ट कागदावर जाऊन बसत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपण खरोखरच कुठंतरी हजर होतो, असं मामांना वाटायला लागलं.

"पुढं," हवालदार न बघता म्हणाले. "पंचनाम्यावर सही कोठे केली?"

"दुकानातच."

"केव्हा?"

"ह्या दोघी गेल्यावर. साडेसहाला. शटर ओढत होतो."

"वाचून पाहिला?"

"नाही."

"'न वाचता,'" हवालदार लिहीत म्हणाले. "पंचनामा सहीसाठी दुकानात कोण घेऊन आलं होतं?"

मामांनी ताईकडं पाहिलं.

ताईनं मान वर केली. धाकटी वडिलांकडं बघत राहिली. हे तिच्या तक्रारीत नव्हतं. एखादा शिपाई आला असेल असं तिनं धरलं होतं.

"साक्षीदारानं उत्तर द्यावं," हवालदार म्हणाले. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"भाऊजी, राहू द्या ना तेवढं," मामा म्हणाले.

"कोण आलं होतं?"

"तुम्ही."

पेन हललं नाही. शाईचा एक लहान ठिपका कागदावर पसरायला लागला.

"बाबा," धाकटी हळूच म्हणाली. तिचा आवाज आता फौजदाराचा राहिला नव्हता. "नाव घालायलाच हवं असं नाही. 'ठाण्यातील एक कर्मचारी' लिहिलं तरी चालेल. उद्यापुरतं चालेल."

हवालदारांनी तो ठिपका टिपून घेतला. "मोघम जबाब टिकत नाही," ते म्हणाले, आणि आपलं पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा आणि बिल्ला नंबर नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिला. नावाखाली रेघ मारली. बिल्ला नंबर एकदा पुन्हा वाचून बरोबर आहे ना ते पाहिलं.

"हं," त्यांनी मामांकडं पाहिलं. "ही नववी वेळ झाली. त्याआधीच्या आठ वेळी कोण घेऊन आलं होतं?"

"भाऊजी, आधी चहा घेऊ या का?"

"चहा नंतर," हवालदार म्हणाले. "साक्षीदारानं विषयांतर करू नये. पहिली वेळ. तारीख सांगा."